बेंचमार्कचा आकडा वाचताना

बेंचमार्क म्हणजे संगणकाचा वेग मोजणारी चाचणी; पण तो वेग एकाच आकड्यात सांगता येतो, हे मला कधीच पटलेले नाही. १९८४ साली आलेली ड्राइस्टोन ही चाचणी इतकी छोटी होती की हुशार कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर) तिच्यातले निरुपयोगी काम गाळून टाकत आणि प्रोसेसर तोच असूनही गुण वाढत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेने प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रॅमवर आधारलेल्या चाचण्यांचा आग्रह धरला, तो मला फार मोलाचा वाटतो.

मी स्वतः प्रत्येक चाचणी किमान पाच वेळा चालवतो, कॅशे (नुकतीच वापरलेली माहिती हाताशी ठेवणारी वेगवान साठवण) रिकामा असतानाची पहिली फेरी वेगळी नोंदवतो आणि उरलेल्यांचा मध्यक घेतो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपली गती उतरवतो, त्यामुळे पहिल्या आणि विसाव्या मिनिटाचे निकाल बरेच वेगळे येऊ शकतात. सर्वांत मंद फेरीही मी लपवत नाही, कारण वापरणाऱ्याला अडखळणे नेमके तिथेच जाणवते.