पन्नासची गोळी पंच्याहत्तर करण्याआधी

थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच हा आकडा ९ आला की डॉक्टर थायरॉईडची पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी पंच्याहत्तर करतात, आणि पुष्कळदा ते बरोबरच असतं. तरी रिपोर्ट हाती आल्यावर मी आधी एवढंच पाहते, की गेल्या सहा आठवड्यांत गोळी कशी घेतली गेली. डोस कमी पडला किंवा गोळी पोटात जाऊनही अंगी लागली नाही, तरी टीएसएच सारखाच वाढतो. कागदावरून कारण कळत नाही.

हा टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी तो सोडते. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी झालं की ती टीएसएच वाढवते, म्हणून आकडा जास्त तर औषध कमी आणि आकडा कमी तर औषध जास्त. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत इथेच घोळ होतो. ‘थायरॉईड वाढला’ म्हटलं की लोक गोळीच सोडून देतात.

साधारण मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास असते, पण रिपोर्टवर जी छापली असेल तीच धरावी, कारण मशीनप्रमाणे ती थोडी बदलते. टी-४, म्हणजे थायरॉईडचं मुख्य हार्मोन, थोडासा हलला तरी टीएसएच कितीतरी पटीने हलतो. म्हणून २.१ चा ३.४ झाला तर घाबरू नये. तालुक्याच्या लॅबमधल्या साध्या ‘प्रोफाइल’मध्ये बहुधा टोटल टी-४, म्हणजे रक्तातला एकूण टी-४, असतो. गरोदर बाई किंवा माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेणारी बाई असेल तर तो उगाच जास्त दिसतो, कारण हार्मोन वाहून नेणारं प्रथिनच रक्तात वाढलेलं असतं. अशा वेळी फ्री टी-४, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेला टी-४, मागावा. टी-३ या थायरॉईडच्या दुसऱ्या हार्मोनवरून गोळीचा डोस ठरत नाही.

टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. त्यामुळे दर वेळी सकाळच्याच एसटीने जाऊन रक्त द्यावं, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. उपाशी जाण्याची सक्ती नाही, पण त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. केस गळतात म्हणून मेडिकलमधून बायोटिन हे व्हिटॅमिन आणलं असेल तर ते निदान दोन दिवस आधी बंद करावं, डोस मोठा असेल तर आणखी आधी. काही मशीनवर त्याने टीएसएच खोटा कमी येतो आणि चांगला चाललेला डोस घटवला जातो.

नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात, कारण गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, अंगात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस घेतं. पंधरा दिवसांत केलेली तपासणी म्हणजे पैसे पाण्यात.

आता घेण्याची रीत. गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्याने घ्यायची, मग सडा, पाणी भरणं, आंघोळ, आणि अर्धा ते एक तासानंतर चहा. कापूस वेचायच्या दिवसांत हीच साखळी तुटते: उजाडायच्या आत चहा-पोळी खाऊन बाया निघतात आणि गोळी चहासोबतच जाते. रात्री घ्यायची तर जेवणानंतर तीन तास जायला हवेत. आठला जेवून दहाला झोपणाऱ्या घरात ते जमत नाही, मात्र रात्रीच्या लाइनीवर ओलिताला जाणाऱ्या माणसाला सहज जमतं.

आशाताईंनी दिलेली लोहाची आणि कॅल्शियमची गोळी, तसंच पोटातल्या जळजळीचं अँटासिड, या सगळ्यांत आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. सोबत घेतल्या तर थायरॉईडची गोळी आतड्यात त्यांनाच चिकटून बाहेर जाते. आमच्याकडे पेरा सोयाबीनचा, म्हणून कणकेतही सोयाबीन दळून घालतात. ते बंद करायची गरज नाही. रोज सारखंच घालावं आणि गोळीपासून लांब ठेवावं.

उन्हाळा हा विदर्भातला वेगळाच मामला. मे महिन्यात ४५ अंशांत टिनाच्या छपराखाली ठेवलेली गोळी कमजोर होते. लेबलवर २५ किंवा ३० अंशांची मर्यादा असते. खिडकी, चूल आणि माठाजवळची ओल टाळून मधल्या खोलीत खालच्या फळीवर, मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवावी. आतली ओल शोषणारी पुडी फेकू नये. उन्हाळ्यात मोठी बाटली आणून ठेवण्यापेक्षा महिन्यापुरतंच आणावं. कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करावा.

हे सगळं नीट असूनही आकडा चढाच असेल तर डोस वाढवायला हरकत नाही. तो १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमच्या पायरीने वाढतो. थायरॉईड ग्रंथी जवळजवळ बंदच असेल तर पूर्ण डोस किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ८८ च्या आसपास. म्हाताऱ्या किंवा हृदयाच्या रुग्णाला सुरुवातच १२.५ किंवा २५ ने करतात. मधल्या ताकदीची गोळी तालुक्याला मिळाली नाही तर डॉक्टर एक दिवस ५० आणि एक दिवस ७५ असं लिहून देतात. सरासरी ६२.५ पडते आणि औषध अंगात बरेच दिवस टिकत असल्याने ते चालतं. वजन उतरावं म्हणून डोस चढवून घेणं मात्र मला साफ नामंजूर. टीएसएच ०.१ च्या खाली गेला की छाती धडधडते, हात थरथरतात, हाडं झिजतात आणि म्हातारपणी हृदयाचे ठोके बिघडतात.

पाळी चुकली आणि दिवस गेल्याचं कळलं तर पुढच्या महिन्याच्या तपासणीपर्यंत थांबायचं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारायचं. बहुधा ते आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला सांगतात, म्हणजे दोन दिवस दोन-दोन. नंतर निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच करायचा आणि पहिल्या तिमाहीत तो २.५ च्या खाली ठेवायचा. लोहाची गोळी दुपारच्या जेवणावर ढकलावी, कॅल्शियम रात्रीच्या. बाळंतपणानंतर डॉक्टर जुना डोस परत सुरू करतात आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासून घेतात.