तुम्ही विचारलंत म्हणून: मी नक्की कुणाच्या बाजूची?

हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो. दवाखान्यात बाईला आणि पुरुषाला कसं वेगवेगळं वागवतात यावर माझं बोलून झालेलं असतं, खुर्च्या सरकू लागलेल्या असतात, आणि मागून कुणीतरी विचारतं, "सिस्टर, पटलं सगळं, पण तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या? बायकांच्या की पुरुषांच्या?" विचारणारा पुरुष असला तर त्याला वाटलेलं असतं की मी तासभर बायकांची वकिली केली. विचारणारी बाई असली तर तिला वाटतं, मी पुरुषांना उगाच सूट दिली. भाषण एकच.

"मी पेशंटच्या बाजूची" असं एक उत्तर तयार आहे. त्याला टाळ्या पडतात. म्हणूनच ते मला आवडेनासं झालंय. आज जरा सविस्तर सांगते.

२६ वर्षं मी कॅज्युअल्टीत काढली. केसपेपरवरचा क्रम ठरलेला: नाव, वय, लिंग, तक्रार. तिसरा रकाना भरताना पेन अडत नाही, विचारावंही लागत नाही. पण तो भरला की चौथ्यातलं निम्मं आपल्या डोक्यात आधीच लिहून झालेलं असतं. बाई आणि धाप: टेन्शन. पुरुष आणि धाप: ईसीजी काढा. बाई आणि फुटलेला ओठ: नवरा. पुरुष आणि फुटलेला ओठ: मारामारी करून आलाय. यातलं काहीही दरवेळी चूक नसतं, हीच तर पंचाईत. अधूनमधून बरोबर निघतं म्हणून सवय टिकून राहते.

१९७६ मध्ये जॉन काँड्री आणि सँड्रा काँड्री या अभ्यासकांनी २०४ जणांना नऊ महिन्यांच्या एका बाळाची फिल्म दाखवली. पेटीतून उसळी मारून वर येणारं बाहुलं असतं ना, ते समोर आल्यावर बाळ दचकतं आणि रडायला लागतं. काहींना सांगितलं होतं हा मुलगा, काहींना ही मुलगी. बाळ तेच, रडणंही तेच. मुलगा समजून बघणाऱ्यांना ते चिडलेलं दिसलं, मुलगी समजून बघणाऱ्यांना घाबरलेलं.

२०१९ मधला एक अभ्यास मला याहून जास्त छळतो. पाच वर्षांचं मूल, तपासणीसाठी बोटाला सुई टोचतात, मूल कळवळतं. कपड्यांवरून किंवा केसांवरून मुलगा की मुलगी ते कळत नाही. बघणाऱ्या मोठ्या माणसांना विचारलं, किती दुखलं असेल? 'मुलगा' असं सांगितलेल्यांनी दुखणं जास्त धरलं. वाचताना मला वाटलं, उलटं छापलंय. मुलीला नाजूक म्हणतो ना आपण? मग तिचं जास्त दुखायला नको? पण लोकांच्या मनातला हिशेब वेगळाच होता. मुलगे सहसा रडत नाहीत, तरी हा रडतोय, म्हणजे खरंच दुखत असणार. मुली काय, रडतातच. 'मुलगे जास्त सोशिक' ही समजूत संशोधकांनी हिशेबातून वजा केली, तेव्हा तो फरक उरलाच नाही.

म्हणजे तिच्या रडण्याला भाव नाही, कारण ते स्वस्त धरलेलं आहे. त्याच्या रडण्याला भाव आहे, पण तो रडत नाही तोवरच. त्यानं चारदा रडून बघावं, भाव लगेच उतरतो.

आणि हे मी कुण्या तिऱ्हाइताबद्दल बोलत नाही. इंजेक्शन देताना "अरे, मुलीसारखा काय रडतोस!" असं मी किती मुलग्यांना म्हटलं असेल त्याची मोजदाद नाही. प्रेमानं म्हणायचे. तो गप्प व्हायचा, त्याचे वडील खूश व्हायचे, आणि मागे रांगेत उभी असलेली मुलगी ऐकायची की तिचं रडणं ही दुसऱ्याला द्यायची शिवी आहे. सुई एक, पेशंट दोन.

औषधांच्या बाबतीत हीच सवय नियम होऊन बसली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. हेतू वाईट नव्हता. गरोदर बायकांना दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हातपाय नीट न वाढलेली हजारो बाळं जगानं पाहिली होती. पण जपता जपता बायकांच्या शरीराबद्दलची माहितीच गोळा झाली नाही, आणि ते धोरण मागे घेईपर्यंत १९९३ उजाडलं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या रक्तात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जास्त उरते. तिला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली आणि बायकांसाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आला तो २०१३ मध्ये. मधली २१ वर्षं किती जणी अर्धवट झोपेत गाडी चालवत कामावर गेल्या असतील, कोण जाणे.

उलट बाजूही आहे. हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार, असं आम्हाला शिकवलं. खुब्याचं हाड मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त असतं, हे मला फार उशिरा कळलं. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. तो बहुधा उशिराच येतो. गाठ हाताला लागलेली असते, पण ती कोणत्या तोंडानं दाखवायची?

आता एक कबुली. पुरुषांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनचा किस्सा तुम्ही ऐकला असेल: चाचणी सुरू झाली, पुरुषांना मुरुमं आली, मूड बिघडला, आणि त्यांनी चाचणी बंद पाडली. बायका हेच सगळं साठ वर्षं सोसतायत! हमखास हशा. मीही हा किस्सा सांगायचे, अगदी रंगवून. मग एकदा मूळ निबंध वाचला आणि ओशाळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागानं ३२० पुरुषांवर ती चाचणी झाली होती. २०११ मध्ये ती थांबवली बाहेरच्या सुरक्षा समितीनं, नैराश्याच्या आणि मूड बिघडण्याच्या तक्रारी बघून. त्या पुरुषांतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणांचं म्हणणं होतं की हे साधन मिळालं तर आम्ही वापरू. गर्भ राहू न देण्याचं काम तर इंजेक्शन चांगलंच करत होतं.

याच्या शेजारी १९५६ ठेवा. कॅरिबियन बेटांतल्या प्वेर्तो रिकोत बायकांच्या गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. तिथलं काम बघणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की गोळी परिणामकारक आहे, पण १७ टक्के बायकांना चक्कर, मळमळ, डोकेदुखी, उलट्या होतायत, आणि सरसकट वापरासाठी हे फार झालं. काम पुढे चालूच राहिलं. १९६० मध्ये गोळीला मान्यता मिळाली. (आज तशी चाचणी कुणी करूच देणार नाही, नियम पार बदललेत, हे कबूल.)

म्हणजे विनोदात खलनायकच चुकीचा निवडलाय. त्या बायकांनी "होतंय" म्हटलेलं कुणी ऐकलं नाही आणि या पुरुषांनी "चालेल" म्हटलेलं कुणी ऐकलं नाही. खरी गोम पुढेच आहे. औषधाचा धोका मोजतात तो, औषध न घेतल्यास त्याच शरीराला काय होईल याच्या तुलनेत. बाईच्या पारड्यात दुसरीकडे गरोदरपण आणि बाळंतपण असतं, त्यामुळे बरेच दुष्परिणाम 'परवडतात'. पुरुषाच्या पारड्यात दुसरीकडे काहीच नाही, म्हणून मुरूमसुद्धा जड. मूल दोघांचं, पण तराजू एकेका शरीराचा. या तराजूत पुरुषांसाठी गोळी येणं अवघडच, आणि मग ती आली नाही याचा दोष आपण पुरुषांच्या नाजूकपणाला देतो.

लहान मुलांच्या शरीराचा विषय काढला की हॉल शांत होतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं असं सुचवलं, की मुलींचा खतना (म्हणजे गुप्तांगाचा भाग कापणं) करणाऱ्या कुटुंबांना डॉक्टरांनी नुसती नावापुरती टोचणी करून द्यायला वाव असावा, म्हणजे मोठी इजा टळेल. प्रचंड ओरड झाली आणि महिनाभरात ते मागे घ्यावं लागलं. योग्यच झालं. याच अकादमीनं २०१२ मध्ये नवजात मुलग्याच्या सुंतेचे फायदे धोक्यांपेक्षा जास्त आहेत असं जाहीर केलं. त्याच वर्षी जर्मनीत कलोनच्या न्यायालयानं मुलग्याची सुंता ही शारीरिक इजा ठरवली, आणि डिसेंबरात तिथल्या संसदेनं कायदा करून तिला परवानगी दिली.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. मुलींच्या खतन्यात फायदा शून्य, आणि दुखणं अनेकदा आयुष्यभराचं. सुंतेमुळे बाईकडून पुरुषाला एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, हे आफ्रिकेतल्या चाचण्यांत दिसलंय. पण 'इजा किती' हा एक प्रश्न आणि 'ज्याचं शरीर त्याला विचारलं का' हा दुसरा. मुलीच्या बाबतीत आपण दोन्ही विचारतो. मुलग्याच्या बाबतीत दुसरा विचारणाराच उद्धट ठरतो. आणि जे बाळ तिसऱ्या रकान्यातल्या दोन्ही शब्दांत बसत नाही, त्याच्यावर तर रकान्यात बसवण्यासाठीच शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. त्यांना कायद्यानं बंदी करणारा पहिला देश माल्टा, तोही २०१५ मध्ये.

कायद्याबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये १९९१ पर्यंत नवऱ्यानं बायकोवर केलेला बलात्कार हा कायद्यानं बलात्कार नव्हता. आणि १९९४ पर्यंत पुरुषावर झालेला बलात्कार हाही बलात्कार नव्हता. बायकोला 'नाही' म्हणता येत नाही आणि पुरुषाला 'नाही' म्हणायची वेळच येत नाही, अशी ती समजूत. दोन्ही भ्रम तीनेक वर्षांच्या अंतरानं कागदावरून पुसले गेले, यात मला तरी योगायोग वाटत नाही.

इतकं बोललं की एक गृहस्थ हमखास उठतात: "म्हणजे पुरुषांवरही अन्याय होतो, हे कबूल करा!" करते की. जगात खून होणाऱ्यांत सुमारे ८० टक्के पुरुष असतात. पण मारणारेही बहुतेक पुरुषच असतात, आणि मारल्या गेलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना जोडीदारानं किंवा घरातल्याच कुणीतरी मारलेलं असतं. गृहस्थांना पहिला आकडा हवा असतो, पुढचं ऐकायच्या आत ते खाली बसलेले असतात. पुरुषांचं दुखणं ज्यांना फक्त बायकांचं तोंड बंद करायला आठवतं, त्यांच्या बाजूची मी नाही. तेवढं नक्की.

राहिला तो माणूस, ज्याच्यामुळे मी या विषयावर बोलायला लागले.

पहिल्यांदा आला तेव्हा पाठ भाजलेली होती. "अंघोळीचं पाणी," बायको म्हणाली. दुसऱ्यांदा करंगळी मोडलेली. "दारात सापडली," बायको म्हणाली. ड्यूटीवरचे डॉक्टर हसत म्हणाले, "काय साहेब, घरी मार खाता वाटतं!" तो हसला. बायको हसली. मीही हसले. त्याच्या जागी बाई असती तर या दोन नोंदींनंतर मी नातेवाइकांना बाहेर काढून दार लावलं असतं आणि विचारलं असतं. तसं आम्हाला शिकवलेलंच होतं, विचारायचे प्रश्न भिंतीवर चिकटवलेले होते. वर ठळक अक्षरांत: महिला रुग्णांसाठी. तो कागद त्या भिंतीवर यायला बायकांना किती झगडावं लागलंय ते मला माहीत आहे, तेव्हा तो काढा असं माझं म्हणणं नाही. पण मी रोज त्याच्याखाली बसत होते आणि त्या माणसाला विचारावं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्यांदा आला, पुन्हा पाठ. "पाणी," बायको म्हणाली. पाण्याला टोक नसतं. या व्रणाला होतं, इस्त्रीसारखं. मी तिला बिलाच्या खिडकीकडे पाठवलं आणि दार लावलं.

"कोण करतं हे?"

त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या केसपेपरकडे.

"लिहिणार?"

"लिहावं लागतं."

"वाचणार कोण?"

"डॉक्टर. लागलं तर पोलीस."

"हसतील," तो म्हणाला. "पाणीच लिहा, सिस्टर."

मी पाणी लिहिलं. खाली सही केली, वेळ टाकली, आणि दार उघडलं.