अंधाराचं भाडं

रात्रीचे पावणेदोन. आत्ता शेवग्याच्या सहा शेंगा मोडून बसलोय. भाजीसाठी नाही, माझ्याच एका गोष्टीवर फिल्म करतोय, त्यात मुंजा सदाची मान मोडतो त्याचा आवाज हवा होता. आधी गाजर ट्राय केलं, पण ते फारच सरळ मोडतं, टक्क, संपलं. शेंगेचे दोरे शेवटपर्यंत सुटत नाहीत, ओल्या फडक्यात गुंडाळून माइकजवळ हळूहळू पिळली की जे काय ऐकू येतं ना, माझ्याच अंगावर काटा आला.

गोष्ट तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी लिहिलेली. त्यात एक वाक्य आहे, 'पिंपळाखाली मिट्ट काळोख होता.' चार शब्द, खर्च शून्य. त्या चार शब्दांसाठी मागच्या शनिवारी दोन एलईडी पॅनल, स्टँड, बॅटऱ्या असं सगळं भाड्यानं घेऊन गावी गेलो, कारण खरा काळोख शूट केला की नुसता चिखल दिसतो, दाणेच दाणे. काळोख दाखवायला झाडामागून उजेड मारावा लागतो, आता लिहिताना हे कोणाला सुचतंय! स्मोक मशीन परवडेना म्हणून घमेल्यात निखारे घेऊन ऊद टाकला, तर वासावरून शेजारच्या काकू आरती आहे समजून हात जोडतच आल्या. मुंज्याचं कळल्यावर म्हणाल्या, "सोडमुंजीआधी गेलेल्या पोराचं नाव त्याच्याच झाडाखाली काढतात होय रे?" आणि तरी शेवटपर्यंत बघत उभ्या राहिल्या, चहापण त्यांनीच आणला.

आणि एवढं करून मी माती खाल्लीच. ओसरीतल्या सीनला जुनी ट्यूब चालू होती आणि कॅमेऱ्याचं शटर एक साठांश सेकंदावर राहिलं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, शटर एक पन्नासांशवर असतं तर काही कळलं नसतं. आता आजीच्या तोंडावरून काळे पट्टे सरकतायत. मित्र म्हणतो राहू दे, भुताटकी वाटेल. वाटत नाही रे, बिघडलेला टीव्ही वाटतो. पुन्हा जायचं, पुन्हा भाडं, आणि आजीचं काम करणाऱ्या मावशींना सुट्टी थेट पुढच्या महिन्यात.

हे लिहीत होतो तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली. ओट्यावरचा चोथा बघितला, माझ्या गळ्यातला हेडफोन बघितला.

"सगळ्या मोडल्यास?"

"दोन राहिल्यात."

"त्या ठेव. उद्या आमटीला लागतील."