तिथीची पाऊण

आमच्या विज्ञानाच्या सरांना एक खोड होती. फळ्यावर नियम लिहायचे, खाली दोन रेघा मारायचे आणि खडू ठेवता ठेवता वर्गाकडे न बघताच विचारायचे, “कुठपर्यंत?”

नियम घोकून आलेल्याची इथे पंचाईत व्हायची. उत्तर खरं तर नियमाच्या पोटातच असायचं. ‘तापमान स्थिर असताना’, ‘स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत’, ‘कोन लहान असताना’. परीक्षेत आम्ही नेमके हेच शब्द गाळायचो आणि सर नेमका त्याचाच अर्धा गुण कापायचे.

हूकचा नियम मी असाच शिकलो. प्रयोगशाळेत स्प्रिंगला एकेक वजन अडकवायचं आणि ती किती लांबली ते पट्टीवर वाचायचं. वजन दुप्पट, तर ताण दुप्पट. चार वेळा तेच झाल्यावर मला कंटाळा आला. सर दाराबाहेर कुणाशी तरी बोलत होते, तेवढ्यात मी डब्यातली सगळी वजनं एकदम लटकावली. काढल्यावर स्प्रिंग वर गेलीच नाही. धुऊन सैल पडलेल्या नाडीसारखी लोंबत राहिली. सर आले, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “रॉबर्ट हूकला हा नियम इतका जपावासा वाटला, की १६७६ साली त्याने तो आधी लॅटिन अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला, आणि उत्तर दोन वर्षांनी दिलं. तू मात्र पाच मिनिटांत त्याच्या हद्दीबाहेर जाऊन आलास. तीन रुपये भर.” ती स्प्रिंग त्यांनी कपाटाच्या आत खिळ्याला टांगून ठेवली. दहावीचा निरोप समारंभ झाला तेव्हाही ती तिथेच होती.

पण मला सांगायचंय ते १९८३ च्या दिवाळीबद्दल. तेव्हा आम्ही नववीत होतो. माझ्या बाकावरचा मित्र माहीम कोळीवाड्यातला. वर्गात भरती-ओहोटीचा धडा चालू होता. चंद्राचं गुरुत्वाकर्षण, पृथ्वीच्या दोन बाजूंना पाण्याचा फुगवटा वगैरे. सरांनी विचारलं, “आज भरती किती वाजता आहे, कोण सांगेल?” वर्ग गप्प. हा उठला, बोटांची पेरं मोजली आणि वेळ सांगून मोकळा झाला. सरांनी टेबलावरचा पेपर उलगडून भरतीचा रकाना पाहिला. दहा मिनिटांचा फरक.

“कसं काढलंस रे?”

“तिथीची पाऊण करायची सर. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन. तीन वाजता भरती. आमच्याकडे सगळ्यांना येतं.”

मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास असते. तिथून पुढे दर तिथीला पाऊण तास मिळवायचा, की झालं. ज्यांना होडी काढायची असते त्यांनी हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या असाच केला. न्यूटनने भरतीचं कारण चंद्र-सूर्याच्या ओढीत दाखवलं ते १६८७ साली. त्याच्या आधी १६३२ मध्ये गॅलिलिओने भरती पृथ्वीच्या फिरण्यामुळे येते असं ठासून लिहिलं होतं, आणि केपलरसारखा खगोलशास्त्रज्ञ भरतीसाठी चंद्राचं नाव घेतो म्हणून आश्चर्य व्यक्त केलं होतं. हे सांगताना सर खुशीत यायचे. गॅलिलिओ चुकला आणि कोळीवाडा बरोबर, असं म्हणायला कुणाला आवडणार नाही!

मी मात्र पेटलो. गणितात मी मित्राच्या पुढे होतो आणि ते त्याला दाखवायची एकही संधी सोडत नव्हतो. घरी येऊन पंचांग काढलं. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं १२ अंशांचं अंतर. ३६० अंशांत तिथ्या ३०. चोवीस तासांना तीसने भागलं की येतात ४८ मिनिटं. ४५ नव्हे! दुसऱ्या दिवशी हात वर करून सांगितलं, की कोळीवाड्याचा नियम दर तिथीला तीन मिनिटं चुकतो. दशमीला म्हणजे चक्क अर्धा तास. मित्र साडेसात म्हणेल, खरी भरती आठला.

सर म्हणाले, “समुद्राला विचारलंस का?”

दिवाळीची सुट्टी अमावास्येपासून लागत होती, ते बरंच झालं. दोघांनी मिळून मोजायचं ठरलं. किनाऱ्यावर कोळीवाड्याच्या बाजूला उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. पाणी किती पायऱ्या चढतं ते बघायचं, खडूने खूण करायची आणि वेळ वहीत लिहायची. ऐकायला सोपं वाटतं. पण भरती पुरी झाली की पाणी दहा-पंधरा मिनिटं जागच्या जागी हेलकावत राहतं. वर चढतंय की उतरायला लागलंय, ते काही केल्या कळत नाही. एखादी मोठी लाट येते आणि खडूची खूण धुऊन नेते. शेवटी मित्रानेच एक पेंढ्याची काडी आणली. ती पायरीच्या कडेला सोडायची. किनाऱ्याकडे सरकते तोवर भरती, बाहेर जायला लागली की ओहोटी. (ही युक्ती सगळीकडे चालेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या पायऱ्यांवर चालली एवढं खरं.)

भाऊबीजेला भरती जेवणाच्या वेळेला. ताटावरून उठून गेलो म्हणून ताईने पुढचे दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. पण वही बघवत नव्हती. पहिले चार-पाच दिवस समुद्र रोज जेमतेम चाळीस मिनिटं उशिरा येत होता. माझी ४८ मिनिटं दररोज जास्त लांब पडत होती आणि मित्राची पाऊण त्या मानाने जवळ होती. तो काही बोलायचा नाही, फक्त काडी सोडताना हसायचा. मग सप्तमी-अष्टमी आली. उधाण, म्हणजे मोठी भरती, उतरून भांग, म्हणजे कमी जोराची भरती, सुरू झाला, पाणी खालच्याच पायऱ्यांवर रेंगाळायला लागलं, आणि उशीर एकदम वाढला. एका दिवसात तासाहून जास्त! आता मित्राचा अंदाज मागे पडत चालला. दशमीला टॉर्च घेऊन, अंधारात, डास मारत बसलो होतो. काडी फिरली तेव्हा आठ वाजून काही मिनिटं झाली होती.

“जिंकलो,” मी म्हणालो.

“आजच्यापुरता,” तो म्हणाला.

शाळा उघडल्यावर वही सरांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा चाळली. मग सांगितलं, की चंद्र एकटा पाणी ओढत नाही. सूर्यही ओढतो, चंद्राच्या साधारण निम्म्या जोराने. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत असतात, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास काटकोनात, म्हणून भांग. या ओढाताणीत भरतीची वेळही कधी अलीकडे, कधी पलीकडे सरकते. तुझे ४८ ही पूर्ण फेऱ्याची सरासरी. याची पाऊण म्हणजे ज्या दिवसांत पाणी जोरात असतं त्या दिवसांना जुळणारा, तोंडी करता येण्याजोगा हिशोब. “दोघांचाही नियम बरोबर आहे,” ते म्हणाले. “खाली फक्त कुठपर्यंत ते लिहा.” त्यांनी आम्हाला दहापैकी साडेनऊ गुण दिले. अर्धा का कापला, हे आजतागायत कळलेलं नाही.

पुढे माझी सगळी नोकरी एका जहाज एजंटच्या ऑफिसात गेली. टेबलावर सर्व्हे ऑफ इंडियाचं टाइड टेबल कायम उघडं. वर्षभराच्या भरत्या मिनिटामिनिटांसह आधीच छापलेल्या. त्या कशा काढतात हे वाचलं तेव्हा आमची वही आठवली. समुद्राची हालचाल अनेक लहानमोठ्या आवर्तनांची बेरीज धरायची. चंद्राचं मुख्य आवर्तन १२ तास २५ मिनिटांचं, सूर्याचं बरोबर १२ तासांचं, आणि अशी आणखी कितीतरी. प्रत्येकाचा जोर किती ते त्या त्या बंदरावरच्या जुन्या नोंदींवरून ठरवायचं. १८७९ साली हिंदुस्थानच्या बंदरांसाठी लंडनमध्ये यासाठी एक यंत्रच बनवलं होतं. एकेका आवर्तनाला एकेक कप्पी, सगळ्यांवरून ओवलेली एक तार, तारेच्या टोकाला लेखणी. चाक फिरवलं की कागदावर बंदराची भरती उमटायची. कप्प्या पितळेच्या, पण प्रत्येकीचा आकडा कुणीतरी किनाऱ्यावर बसून मोजलेला. आणि एवढं सगळं करूनही जोराचा वारा सुटला, हवेचा दाब उतरला, की पाणी टेबलाला न विचारता हातभर वर येतंच. ऑफिसात नवीन पोरगा टेबलावर बोट ठेवून ठामपणे वेळ सांगायला लागला की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, “कुठपर्यंत?” त्यांना वाटायचं, साहेबांना कमी ऐकू येतं.

एक राहिलंच. वर्षातून दोनदा, १५-१६ मे आणि २७-२८ जुलैच्या सुमारास, दुपारी साडेबारा-पाऊणच्या दरम्यान मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो आणि खांबाची सावली नाहीशी होते. सरांना हे मैदानातल्या झेंड्याच्या खांबावर आम्हाला दाखवायचं होतं. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ. माझ्या पाच वर्षांत ते एकदाही जमलं नाही. दर जुलैत सर साडेबाराला छत्री घेऊन खांबाशी उभे राहायचे, ढगांकडे बघायचे आणि परत यायचे.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्नेहमेळाव्याची पत्रिका आली, तशी मी तारखेची तिथी पाहिली. शुद्ध दशमी. मित्राला फोन केला. तो म्हणाला, साडेसात. मी म्हणालो, आठ. जेवण आठलाच आहे, तेव्हा आमची दोन पानं थोडी उशिरा वाढावीत, ही संयोजकांना विनंती. आम्ही सव्वासातपासून पायऱ्यांवर असू. टाइड टेबल घरात आहे, पण मी ते उघडलेलं नाही.