सात गाळून बारा

मनू जन्मली तेव्हा मी २४ वर्षांची होते. हे आधीच सांगते, कारण "उशिरा मूल झालं असेल" असं अजूनही कुणीतरी म्हणतंच. कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, २१ व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती. डाऊन सिंड्रोम. रिपोर्ट हातात देणारे डॉक्टर "फार अपेक्षा ठेवू नका" एवढंच बोलले. हृदयाची टू-डी इको करा, थायरॉईड दरवर्षी बघा, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो म्हणे. मनूचं छिद्र लहान होतं, आपोआप बुजलं. सासूबाईंनी मात्र पहिली दोन वर्षं तिला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला नेऊ दिलं नाही. गर्दीत बाधतं म्हणाल्या. मोठ्या जावेचं तान्हं बाळ नंदीध्वज बघून आलं.

मनूला सहा वर्षं झाली आणि एकाच महिन्यात दोन ठिकाणी हजेरी लागली. एकीकडे दिव्यांग प्रमाणपत्र, दुसरीकडे पहिलीचा प्रवेश.

प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन केला, तारीख मिळाली. पहिल्या खेपेला तपासणारेच रजेवर, अर्धा दिवस बाकावर गेला. बाकावरच्या एका बाईंनी सल्ला दिला, "काहीबी विचारलं तर 'येत नाही' म्हणायचं. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली गेलं तर काय उपयोग नाही बघा." दुसऱ्या खेपेला मनूपुढे लाकडी पाटी ठेवली, दहा आकार जागच्या जागी बसवायचे. तिनं चांदणी उचलली, गालाला लावली आणि तपासणाऱ्या मॅडमकडे बघून हसली. मग मला प्रश्न. स्वतः जेवते का? बटणं लावते का? एकटी शेजारी जाते का? बटणं तिला येतात. वरचं सोडून. माझ्या तोंडात "नाही" आलंच होतं, तेवढ्यात मनूनं स्वतःच बटण काढून लावून दाखवलं. मॅडम हसल्या नि लिहून घेतलं.

५० टक्के आले. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पास की!"

आठवड्यानं तीच फाईल घेऊन शाळेत. आता उलटं म्हणायचं होतं, सगळं येतं. पहिल्या शाळेत मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र बघितलं, मनूकडे बघितलंच नाही. "आमची हरकत नाही हो, पण बाकीचे पालक..." हे "पण" मला पाठ झालंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. हे मी तोंडपाठ करून गेले होते. तिथं बोलताच आलं नाही. रिक्षात बसल्यावर सगळं आठवलं.

दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी फाईल उघडलीच नाही. मनूला विचारलं, "घरी काय काम करतेस?"

"टावेल."

आमच्याकडे कारखान्यातून टॉवेल घडीला येतात. मनू घडी घालते, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि डझनाचा गठ्ठा करते. माझ्यापेक्षा सरळ. बाईंनी टेबलावरच्या वह्या पुढे सरकवल्या. "मोज बरं." तिनं सुरू केलं. पाच, सहा, आठ... माझा जीव खाली-वर. सात ती कायम गाळते.

"सात कुठं गेला गं?" बाईंनी विचारलं.

मनूनं टेबलाखाली वाकून बघितलं.

प्रवेश मिळाला. पहिल्या आठवड्यात एका पालकांची तक्रार आली, नंतर आली नाही. डब्यातली शेंगाची चटणी सगळ्यांना वाटते म्हणून तिच्याशेजारी बसायला मुलं भांडतात, असं बाई सांगतात.

सात अजून आलेला नाही. त्यामुळे तिचा डझन अकराचा भरतो. सासूबाई रात्री ती झोपल्यावर गुपचूप प्रत्येक गठ्ठ्यात एकेक टॉवेल सरकवतात. मी मोजायला बसले तर म्हणतात, "तू राहू दे. पोरीनं मोजलंय ते."