मोत्या आणि शहाबादी फरशी
आमचा कुत्रा मोत्या 12 वर्षांचा झाला. परभणीत थंडी वाढल्यापासून सकाळी उठताना त्याचे मागचे पाय थरथरत होते आणि आम्ही ते म्हातारपण म्हणून सोडून देत होतो. आज पशुवैद्यांनी त्याचे खुबे हलवून पाहिले आणि सांधेवाताचे निदान केले. यकृत व मूत्रपिंडाची रक्ततपासणी झाल्यावरच वेदनाशामक सुरू होईल. माणसांची आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी दिल्यास कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे ऐकून मी गप्प झालो, कारण परवाच तीच अर्धी गोळी त्याला द्यायला मी हातात घेतली होती. वजनही उतरवायचे आहे, म्हणजे आईच्या हातची तूप लावलेली भाकरी बंद; हे तिला सांगणेच अवघड. संध्याकाळी गुळगुळीत शहाबादी फरशीवर जुनी सतरंजी अंथरली, तेव्हा तो न घसरता पाण्यापर्यंत गेला.