जुम्मा, शुक्रवारी, गांधीसागर : आमची वाटचाल

महाल या जुन्या वस्तीजवळच्या तलावाला नागपुरात तीन नावं आहेत. पाटीवर गांधीसागर, ऑटोवाल्याच्या तोंडी शुक्रवारी तलाव आणि जुन्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे अजूनही जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवारच. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२च्या सुमारास बारा वाड्या जोडून हे गाव वसवलं, 'राजापूर बारसा' म्हणतात त्या. त्याच्यामागून गादीवर आलेल्या चांद सुलतानाच्या काळात गावाला तट आला, दरवाजे आले, तलाव आला. तलावाजवळचा तो जुम्मा दरवाजा म्हणजेच आजचा गांधी गेट. पत्ता सांगताना माणूस यातलं कोणतं नाव घेतो यावरून त्याचं वय, घर, कधीकधी घरातली भाषासुद्धा कळते.

आमचा व्यवसाय याच धाग्यावर उभा आहे. वस्तीच्या गोष्टी वस्तीतल्याच माणसांच्या तोंडून, त्या जागेवर उभं राहून ऐकवायच्या. आम्ही गोष्टफेऱ्या काढतो, बुजुर्गांचं बोलणं रेकॉर्ड करून जपतो आणि शाळांना त्यांच्याच परिसराच्या गोष्टी जमवून देतो. इथवर येताना जे जमलं आणि जे फसलं, ते असंच काम आपल्या गावात करू पाहणाऱ्यांसाठी लिहीत आहोत.

पहिला प्रयोग छापील नकाशाचा होता. दोन घड्यांचा कागद, त्यावर इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी अशी बाजाराच्या वारांवरून पडलेली नावं आणि प्रत्येकाखाली चार ओळी. कागद देखणा झाला, पण तो लोक घरी नेऊन वाचत, जागेवर कोणी उघडत नसे. आणि घरी वाचलेल्या इतवारीला ना वास, ना आवाज. पुढे त्याच चार ओळी बाजारात उभं राहून सांगितल्या, तेव्हा ऐकणारे लगेच विचारू लागले की हे रविवारी का नाही, इतवारी का? मग १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, १९५६पर्यंत ते मराठी-हिंदी अशा दुभाषी राज्याचंच मुख्य ठिकाण होतं, हे सांगायला जागा मिळते. हीच माहिती कागदावर कोरडी राहत होती.

दुसरा प्रयोग क्यूआर कोडचा. भिंतीवर चिकटवलेले स्टिकर इथलं ऊन एक उन्हाळा सोसत नाहीत, काळा रंग विटला की फोनला कोड वाचता येत नाही. उरलेल्यांवर शिकवणीवर्गांची पोस्टरं चढतात. आता कोड फक्त दुकानाच्या आत, काउंटरजवळच्या काचेमागे लावतो, तेही दुकानदाराने स्वतः होकार दिला तरच. ध्वनिफीत नव्वद सेकंदांच्या वर ठेवत नाही. गर्दीत उभा माणूस त्याहून जास्त वेळ फोन कानाला लावून राहत नाही.

मग फेऱ्या सुरू झाल्या आणि काम खऱ्या अर्थाने जागेवर आलं.

फेरीचा मार्ग दीड किलोमीटरच्या आत ठेवायचा. थांबे पाच, फार तर सहा. एका थांब्यावर सात मिनिटं: चार मिनिटांची गोष्ट, तीन मिनिटं प्रश्नांना. चालणं धरून सारं दीड तासात आटोपतं. मार्ग पाहायला जायचं ते ज्या वारी, ज्या वेळी फेरी निघणार त्याच वारी आणि त्याच वेळी. सकाळी सातला शांत असलेला महालातला बोळ साडेनऊला हातगाड्या आणि दुचाक्यांनी भरून जातो. प्रत्येक थांब्यावर तीन गोष्टी पाहायच्या: सावली, टेकायला ओटा आणि मागे भिंत. ऐकणाऱ्यांची पाठ भिंतीला हवी, सांगणाऱ्याचं तोंड भिंतीकडे. मग आवाज परतून येतो आणि रस्ताही मोकळा राहतो. सांगणारा रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला की निम्मं बोलणं गाड्या नेतात. मोठा स्पीकर आम्ही वापरत नाही. गल्लीतल्या घरांना त्याचा त्रास होतो आणि गोष्टीचं भाषण होतं. बारा माणसं असली तर उघड्या आवाजात भागतं.

एप्रिल-मे-जून फेरी नाही. पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या गावात माणसांना उभं करून गोष्ट ऐकवणं चूक आहे. ते तीन महिने रेकॉर्डिंग लिहून काढण्यात जातात.

रेकॉर्डिंगबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

नागपुरातला पहिला शत्रू कूलर. त्याची घरघर आवाजात अशी मिसळते की नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने ती काढली तर सांगणाऱ्याचा आवाजही डब्यातून आल्यासारखा होतो. कूलर बंद करा म्हणावं तर म्हातारं माणूस घामाघूम होतं. म्हणून रेकॉर्डिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसात ते दहा. कॉलर माईक छातीच्या मध्यावर, पदराखाली नको, कारण कापड घासलं की खरखर येते. आवाजाची पातळी मोठ्यात मोठ्या बोलण्याला उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील इतकी. माणूस रंगात आला की आवाज चढतोच, त्याला वाव हवा. फाईल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळे फोन फ्लाइट मोडवर. शेवटी कोणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्यायचा, जोडकाम करताना तो लागतो. घरी पोचल्यावर त्याच दिवशी तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

माईक लागला की माणूस शाळेतल्यासारखा बोलू लागतो. 'करून राहिलो', 'जाऊन राहिली', 'कायले' हे सगळं इथलं बोलणं जातं आणि त्या जागी पुस्तकी मराठी येते. पहिली दहा मिनिटं त्यात जाणार हे धरूनच बसायचं. त्या वेळात 'तुमच्या समाजाच्या संस्कृतीविषयी सांगा' असं कधीही विचारू नये, त्याचं उत्तर भाषणच येतं. विचारावं ते वस्तूचं आणि जागेचं. पाणी कुठून भरायचे? एम्प्रेस मिलचा भोंगा घरात ऐकू यायचा का, आणि तो झाला की घरात कोण उठायचं? १ जानेवारी १८७७ला सुरू झालेली गिरणी हा इतिहास आहे; भोंग्यावर चूल पेटवणारी आई ही गोष्ट आहे. फेरीला दोन्ही लागतात, पण सुरुवात चुलीपासून.

तांडापेठ, गोळीबार चौक या हलबा-कोष्टी विणकरांच्या वस्तीतलं उदाहरण देतो. तिथे आमचा पहिला प्रश्न असतो: मागाचा खड्डा घरात कुठे होता? खड्डा मागावर विणकर जमिनीला टेकून बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. माग गेले, खड्डे बुजले. काही घरांत त्या चौकोनावरची फरशी उरलेल्या खोलीपेक्षा वेगळ्या रंगाची आहे, कडेने सिमेंटची रेघ. बोट तिकडे गेलं की पुढचं आपोआप येतं: ताण्याला खळ कोण लावायचं, लुगडं पुरं व्हायला किती दिवस, इतवारीत माल घेऊन कोण जायचं, आणि मागावरून उशिरा उठणाऱ्यांसाठी तिखट रस्सा कसा शिजायचा. सावजी जेवणाची ओळख देशभर हॉटेलांमुळे झाली, पण मुळात ते या विणकर घरांचं रांधणं आहे आणि मागाशेजारी सांगितलं तरच ते नीट कळतं. अशा वेळी हातांचं चित्रीकरण जरूर करावं. धोटा फेकायची मनगटाची हालचाल शब्दांत येत नाही, आणि ती येणारे हात दर वर्षी कमी होत आहेत. याचं आम्हाला मनापासून दुःख आहे.

एक तास रेकॉर्डिंग लिहून काढायला पाच ते सहा तास लागतात. लिहिताना बोली 'सुधारायची' नाही. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर. लिहिणाऱ्याने ती कंसात दक्षिणेची आमटी करून ठेवली की सांबारवडीची गोष्टच मरते.

आता सर्वांत नाजूक भाग: एकाच गोष्टीची दोन-तीन रूपं. मारबतीइतकं चांगलं उदाहरण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, बांबू-कागदाच्या त्या प्रचंड बाया मिरवत निघतात, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा घोष होतो, सोबत त्या वर्षीच्या वाईट गोष्टींवरचे बडगे, म्हणजे पुतळे, असतात. काळ्या मारबतीची परंपरा १८८१पासूनची आणि जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाच्या पिवळ्या मारबतीची १८८५पासूनची सांगतात. काळी मारबत कोण? एक घर सांगतं, कृष्णाला मारायला आलेली पूतना मावशी. दुसरं घर सांगतं, दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी बाकाबाई, तिने इंग्रजांची बाजू घेतली म्हणून. तिसरं घर सांगतं, कोणी बाई-बिई नाही, वस्तीतली रोगराई. बाकाबाई गेली १८५८मध्ये, इंग्रजांनी भोसल्यांना हरवलं ती सीताबर्डीची लढाई १८१७ची, मिरवणूक १८८१ची. वर्षं शेजारी ठेवली की दुसऱ्या गोष्टीत मोठं अंतर दिसतं, पण म्हणून ती गोष्ट खोटी ठरवून काढून टाकणं आम्हाला पटत नाही. राज्य गेल्याची सल लोकांनी कुठे ठेवली हे तीच सांगते. आम्ही तिन्ही रूपं सांगतो आणि प्रत्येकाच्या आधी एक शब्द ठेवतो: 'नोंद' किंवा 'ऐकीव'. सालं, लढाया, इमारती ही नोंद. ती किमान दोन छापील आधारांशी ताडल्याशिवाय फेरीत येत नाही. बाकी ऐकीव. ऐकणाऱ्यांना हा फरक आवडतो, आणि सांगणाऱ्यालाही तो अपमान वाटत नाही, फक्त ते त्याला आधी सांगितलेलं असावं लागतं.

प्रत्यक्ष मारबतीच्या दिवशी मात्र फेरी काढू नये. इतवारीतल्या त्या गर्दीत बारा माणसं एकत्र राहत नाहीत आणि उत्सव वस्तीचा आहे, आपल्या ग्राहकांचा नाही. त्याआधीच्या आठवड्यात, बांबूचा सांगाडा उभा होत असताना, मंडळींची परवानगी घेऊन जावं. तेव्हा करणाऱ्यांनाही बोलायला सवड असते.

दुसऱ्या जातीची, दुसऱ्या मोहल्ल्याची टिंगल असलेल्या गोष्टीही मिळतात. त्या रेकॉर्डमध्ये ठेवतो. फेरीत आणण्याआधी ज्यांच्याबद्दल आहे त्या वस्तीतल्या जाणत्या माणसाला ऐकवतो. तो नको म्हणाला तर विषय संपला.

संमतीचा कागद मराठीत आणि एका पानाचा. तो वाचून दाखवायचा, नुसता सही करायला द्यायचा नाही. त्यात होकार वेगवेगळे तीन: रेकॉर्ड करण्याला, फेरीत वापरण्याला, इंटरनेटवर टाकण्याला. बरेच जण पहिले दोन देतात, तिसरा देत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. नाव लावायचं की नाही हा चौथा प्रश्न. होकार कधीही परत घेता येतो हे ठळक अक्षरात.

पैशाचं उघड लिहितो. फेरीचं शुल्क माणशी ₹३५०. बारा जणांचे ₹४,२००. त्यातून दोन सांगणाऱ्यांचं मानधन प्रत्येकी ₹१,०००, तर्री पोहे आणि चहा माणशी ₹६० म्हणजे ₹७२०, पाणी-छपाई ₹२००. उरतात ₹१,२८०, त्यात आमचा माणूस आणि रेकॉर्डिंगचा खर्च. आठ जणांवर जेमतेम ₹१२० उरतात, सात झाले की फेरी तोट्यात. तरी मानधन माणसं मोजून देत नाही. सांगणारा सकाळी तयार होऊन ओट्यावर बसलेला असतो, सात आले की बारा हा त्याचा दोष नाही. गोष्टीचे पैसे कसले, असं कोणी म्हणतं तेव्हा परधानांची आठवण द्यावी. गोंडांचे परधान पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या दारी बाना हे तंतुवाद्य वाजवत देवांची आणि कुळांची गाथा गात आले, आणि यजमान त्यांना दान देत आले. या मुलखात गोष्ट सांगणं हे नेहमीच मान्यतेचं आणि मोबदल्याचं काम होतं.

एक बिघाड उशिरा लक्षात येतो. तीच गोष्ट आठ-दहा वेळा सांगितली की ती गुळगुळीत होते. हशा येतो तिथे सांगणारा थांबू लागतो, आणि ज्या तपशिलावर कोणी हसत नाही तो गळतो. फरशीवरची सिमेंटची रेघ पहिल्यांदा जाते. हे दिसलं की त्या माणसाला दोन महिने विश्रांती द्यायची, त्याचं पहिलं रेकॉर्डिंग त्यालाच ऐकवायचं आणि नवे प्रश्न घेऊन बसायचं. बहुतेक वेळा गळालेलं परत येतं, कधी सोबत आणखी काही येतं.

सध्या तयारी भुलाबाईच्या गाण्यांची आहे. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागरी, महिनाभर ती म्हटली जात. एकट्या आजीला माईकसमोर बसवलं तर दोन कडव्यांनंतर शब्द अडतात. चार-पाच जणी गोल बसवून, हातात टिपऱ्या देऊन, एकच माईक मध्ये ठेवला की एकीचं विसरलेलं दुसरी उचलते आणि गाणं शेवटापर्यंत जातं. टिपऱ्यांचा ठोका माईक फोडतो, म्हणून माईक जमिनीपासून चार फूट वर, त्याचा स्टँड चटईवर उभा. खिरापतीचा डबा झाकूनच ठेवायचा. आत काय आहे ते ओळखण्याचं बोलणंही गाण्याइतकंच महत्त्वाचं आहे, तेव्हा गाणी संपली तरी रेकॉर्डर बंद करायचा नाही.